संस्थापक आणि मावशी यांच्या मधला माणूस

मुंबईहून कर्जत लोकलमध्ये बसलं की वांगणी-शेलूच्या पुढे खिडकीबाहेर मोकळी जमीन दिसायला लागते. मुंबईतल्या ट्रस्टांना दिसली ती हीच जमीन. गेल्या काही दशकांत कर्जत आणि खालापूर तालुक्यांत वृद्धाश्रम आले, व्यसनमुक्ती केंद्रं आली, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांची निवासगृहं आली, मनोरुग्णांसाठी पुनर्वसन केंद्रं आली. इथेच का, असं विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात. जागेचा भाव शहराच्या मानानं परवडणारा, हवा चांगली, मध्य रेल्वे दारात, खालापूरच्या बाजूनं द्रुतगती मार्ग. आणखी एक कारण आहे, ते सहसा कुणी बोलून दाखवत नाही. शहरातल्या सोसायटीला शेजारी अशी संस्था नको असते. देणगी द्यायला सगळे तयार असतात. फक्त गेट आपल्या गल्लीत उघडायला नको.

कर्जतजवळच्या वेणगावात श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. त्याची हकिकत या भागातल्या सगळ्या संस्थांनी समजून घ्यावी अशी आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी हे मानसोपचारतज्ज्ञ दांपत्य. नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी पिणारा एक तरुण त्यांना मुंबईच्या रस्त्यावर दिसला. त्याला उचलून आपल्या रुग्णालयात आणला, औषधं सुरू केली, आणि काही आठवड्यांनी कळलं की हा आंध्रातला पदवीधर मुलगा आहे, घरचे त्याची वाट पाहत आहेत. १९८८ साली संस्था सुरू झाली. दहिसरला केंद्र उघडताना शेजाऱ्यांचा विरोध झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. पुढे २००६ मध्ये वेणगावचं मोठं केंद्र उभं राहिलं. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण आणायचा, त्याला स्वच्छ करायचं, औषध द्यायचं, हळूहळू त्याच्याकडून गावाचं नाव काढायचं आणि घरी पोचवायचं, अशी इथली पद्धत. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी तो लडाखच्या सोनम वांगचुक यांनाही मिळाला होता. तोवर घरी पोचवलेल्यांचा आकडा ७,००० च्या पुढे गेला होता.

या आकड्यापाशी जरा थांबू या. सात हजार माणसं घरी गेली, म्हणजे सात हजार वेळा कुणीतरी जटा कापल्या, जखमेतले किडे काढले, पहिल्या रात्री जागं राहून पाहिलं. कुणीतरी त्या माणसाची भाषा ओळखली, ती बंगाली आहे की उडिया की मैथिली. कुणीतरी स्लीपरच्या डब्यात त्याच्या शेजारी बसून दीड-दोन दिवसांचा प्रवास केला. आणि या सगळ्यांच्या पाळ्या, रजा, तिकिटं, भांडणं, पगार कुणीतरी सांभाळले. पुरस्कार संस्थापकाला मिळतो, आणि तो रास्तच आहे. पण ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना आहे, त्याचा विषय तो शेवटचा 'कुणीतरी' आहे.

त्याला कुठे अधीक्षक म्हणतात, कुठे व्यवस्थापक, कुठे समन्वयक. संस्थेत त्याला सर, मॅडम, ताई किंवा भाऊ म्हणतात. वर संस्थापक आणि ट्रस्टी, खाली मावश्या, वॉर्डबॉय, सिस्टर, स्वयंपाकी, ड्रायव्हर. मधे हा एकटा. कर्जत स्थानकात पुण्याकडे निघालेल्या गाडीला घाट चढवण्यासाठी मागून बँकर इंजिनं लावतात. डब्यातला माणूस तेव्हा दिवाडकरांचा वडापाव घेण्यात गुंतलेला असतो, मागून कोण ढकलतंय हे त्याच्या गावीही नसतं. आपल्या संस्थांमधल्या व्यवस्थापकाची गत साधारण तशी आहे. फरक एवढाच की इंजिनाला घाट संपल्यावर सोडवतात.

तो या जागी आलेला असतो तोही बहुधा अपघातानं. एमएसडब्ल्यू करून समाजकार्यकर्ती म्हणून लागलेली मुलगी पाच वर्षं टिकली, म्हणून ती अधीक्षक झाली. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी हिशोब बघायला घेतला आणि वर्षभरात किल्ल्या त्यांच्याकडे आल्या. कुठे जुनी सिस्टर, कुठे संस्थापकाचा भाचा. माणसं चांगली असतात. पण चाळीस-पन्नास परावलंबी माणसांचं घर चोवीस तास चालवायचं कसं, हे यांतल्या कुणालाही कुणी शिकवलेलं नसतं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून आहे, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. तिथे समाजकार्य शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. पण रात्रीच्या पाळीला दोघींपैकी एक आली नाही तर काय करायचं, हे सहसा कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

आपल्याकडे या उणिवेवर एक झाकण आहे, सेवाभावाचं. माणूस सेवाभावी आहे ना, मग त्याला प्रशिक्षण कशाला, सुट्टी कशाला, आणि पगाराचं तर बोलूच नये. माझं स्पष्ट मत असं, की सेवाभावाचं कौतुक जितकं जोरात, तितका त्या संस्थेतला व्यवस्थापक जास्त थकलेला असतो. काही संस्था अपवाद आहेत, त्यांनी रागावू नये.

नेतृत्वविकास म्हटलं की डोळ्यांसमोर हॉटेलातलं शिबिर येतं. पडद्यावर बाण आणि वर्तुळं, दुपारी जेवणात पनीर, संध्याकाळी प्रमाणपत्र. या पुस्तकात ते नाही. इथे नेतृत्व पाहायचं ते संध्याकाळी आठ वाजता, दिवसाची पाळी रात्रीच्या पाळीला काम सोपवते तेव्हा. बहुतेक ठिकाणी हे सोपवणं उभ्या उभ्या होतं. "सगळं नॉर्मल आहे," एवढं म्हणून दिवसाच्या मावश्या गेटकडे निघतात, कारण वाडीकडे जाणारी शेवटची टमटम चुकली तर अंधारात चालत जावं लागतं. त्या दिवशी एका आजींनी दोन्ही वेळचं जेवण तसंच ठेवलेलं असतं. मावशीला ते माहीत असतं. तिनं ताट उचललेलं असतं, कदाचित कारणही तिला ठाऊक असतं. पण वहीत आहार या रकान्यात बरोबरची खूण असते, कारण रकान्यात बरोबर आणि चूक याशिवाय काही लिहायला जागाच नाही, आणि मावशीला लिहिता येतं की नाही हे कुणी कधी विचारलेलं नाही. दोन दिवसांनी आजींना चक्कर येते, सलाईन लागतं, आणि मग चौकशी सुरू होते.

इथे व्यवस्थापकानं करायचं ते साधं आहे. रोजची दहा मिनिटं, दोन्ही पाळ्या एकत्र, बसून. आधी बोलणार मावशी, नंतर सिस्टर, सर्वांत शेवटी स्वतः. आणि ती दहा मिनिटं पगारी. टमटम आठची असेल तर बैठक पावणेआठला. ऐकायला किरकोळ वाटेल. पण संस्थेतली सगळ्यांत जास्त माहिती ज्या बाईकडे आहे, तिला बोलायची ठरलेली वेळ आणि हक्क मिळवून द्यायचा, तर शिक्षण, जात, पगार, भाषा या सगळ्या पायऱ्या उलट्या उतराव्या लागतात. कर्जत-खालापुरात मावश्या बहुधा आसपासच्या गावांतून आणि ठाकर-कातकरी वाड्यांमधून येतात. व्यवस्थापक बहुधा बाहेरचा. तिनं चारचौघांत "सर, तुमचं चुकतंय" म्हणावं आणि त्यावर कुणी हसू नये, एवढं घडवायला वर्ष लागू शकतं.

औषधांचंही तसंच. गोळी दिली याची खूण आणि गोळी गिळली यात अंतर आहे. गालात धरून नंतर उशीखाली सारणारे बरेच असतात. ते ओळखायला सिस्टरची नजर लागते. पण काही गोष्टी व्यवस्थापकाला स्वतःला ठाऊक असायला हव्यात. क्लोझापाइन सुरू असेल तर पांढऱ्या पेशींची तपासणी ठरल्या दिवशी झालीच पाहिजे, सुरुवातीला दर आठवड्याला. लिथियम घेणाऱ्या माणसाला एप्रिल-मेच्या उकाड्यात घाम येऊन अंगातलं पाणी कमी झालं, की रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरतात, चाल डगमगते, जुलाब होतात. न शिकवलेल्या वॉर्डबॉयला तो आळस वाटतो किंवा सोंग वाटतं. कर्जतचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे आणि लिथियमच्या गोळ्याही अनेक केंद्रांत असतात. या दोन गोष्टींची गाठ घालून मार्चमध्येच पाण्याच्या वेळा आणि रक्ततपासणीच्या तारखा लावणं हे व्यवस्थापकाचं काम. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. डॉक्टरांना आधी फोन करायचं धाडस मात्र असावं लागतं.

आता अवघड विषय. हात उगारला जातो. तो प्रत्येक संस्थेत कधी ना कधी उगारला जातो, आणि आमच्याकडे असं होत नाही म्हणणाऱ्या संस्थेबद्दल मला जास्त काळजी वाटते. सलग तिसरी रात्रपाळी करणारा मुलगा, अंगावर थुंकलेला रुग्ण, आणि एक थप्पड. सकाळी व्यवस्थापकाच्या कानावर येतं. तेव्हा तीन वाटा असतात: मुलाला तिथल्या तिथे काढून टाकणं, प्रकरण दाबणं, किंवा नोंद करून चौकशी करणं. पहिली वाट कडक दिसते, पण तीच कधी कधी दाबण्याची सोपी तऱ्हा ठरते. मुलगा गेला, विषय संपला, आणि सलग तीन रात्रपाळ्या लावणारं कोष्टक भिंतीवर तसंच राहिलं. पुस्तकातलं या विषयाचं प्रकरण सर्वांत लांब आहे, ते योग्यच आहे. त्यात रुग्णाशी कसं बोलावं, नातेवाईकांना कधी सांगावं, पोलिसांत कधी जावं हे क्रमानं दिलं आहे. संस्थेचं नाव खराब होईल ही भीती लेखकांनी लपवलेली नाही, त्याबद्दल त्यांना धन्यवाद.

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं साखळीनं बांधणं कोणत्याही स्वरूपात बंद केलं आहे. धरून किंवा बांधून ठेवणं अगदी तातडीच्या धोक्यापुरतंच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि लेखी नोंदीसह. तामिळनाडूतल्या एरवाडीत ऑगस्ट २००१ मध्ये एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीनं बांधलेली २८ माणसं जळून मेली. त्या रात्री साखळीची किल्ली कुणाकडे असायला हवी होती, आग लागली तर कोण काय करणार होतं, हे व्यवस्थापनाचेच प्रश्न होते. आपल्या भागातल्या व्यवस्थापकांनी आज घरी जाण्याआधी एवढं पाहावं: रात्री कोणत्या खोलीला बाहेरून कडी लागते आणि तिची किल्ली कुणाच्या कमरेला असते.

त्याच कायद्याचं १०० वं कलम भटक्या मनोरुग्णाची जबाबदारी पोलिसांवर टाकतं. निराधार अवस्थेत सापडलेल्या माणसाबद्दल हरवल्याची नोंद व्हायला हवी, घरच्यांचा शोध ठाणेप्रमुखानं घ्यायला हवा. प्रत्यक्षात जीप संस्थेच्या गेटवर येते, माणूस उतरतो, कागद नंतर पाठवतो असं सांगून जीप वळते. कलम पाठ असलेला व्यवस्थापक आणि हवालदाराशी बरे संबंध असलेला व्यवस्थापक, यांतला कोण जास्त उपयोगी? दोन्ही गुण एकाच अंगी लागतात. चहा पाजून मग कलम दाखवायचं. आधी कलम दाखवलं तर पुढच्या वेळी मृत्यूच्या पंचनाम्याला पहाटेपर्यंत ताटकळावं लागतं.

मृत्यूबद्दल पुस्तकात थोडक्यात आहे. माझ्या मते अजून हवं होतं. नाव माहीत नाही, धर्म माहीत नाही, अशा माणसाचं काय करायचं, अग्नी की दफन? शवविच्छेदनासाठी मृतदेह रुग्णालयात न्यायचा, तर संस्थेची गाडी कोण चालवणार, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काय सांगायचं, आणि ज्या मावशीनं सहा महिने त्याला भरवलं तिला दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यायची की नाही? हे शेवटचं बहुतेकांना सुचत नाही.

घरी पोचवायला जाण्याचा प्रवास हा या क्षेत्रातला खास आपला भाग. परदेशी पाठ्यपुस्तकात तो शोधून सापडायचा नाही. एक कार्यकर्ता, कधी दोन, आणि चार-पाच बरी झालेली माणसं. कल्याणहून गाडी, पुढे बस, जीप, शेवटी बांधावरून पायी. घरी कधी ढोल वाजतो, कधी दार अर्धंच उघडतं. बायकोनं दुसरं लग्न केलेलं असतं, भावानं जमीन आपल्या नावावर करून घेतलेली असते. कार्यकर्त्याला तिथे उभ्या उभ्या ठरवायचं असतं: ठेवून यायचं की परत आणायचं. फोन लागला तर तो व्यवस्थापकाला विचारतो. अशा वेळी "तू तिथे आहेस, तुला योग्य वाटेल ते कर, मी पाठीशी आहे," असं म्हणता यावं, यासाठी त्याआधीचे सहा महिने त्या कार्यकर्त्याला निर्णय घेऊ दिलेले असावे लागतात. एरवी प्रत्येक चमचा विचारून उचलायला लावणाऱ्याचं हे वाक्य फोनवर पोकळ ऐकू येतं.

पावसाचा उल्लेख केल्याशिवाय या तालुक्यांवर लिहिता येत नाही. २६ जुलै २००५ चा पूर कुणी विसरलेलं नाही, जुलै २०२१ चाही ताजा आहे. उल्हास आणि पाताळगंगा फुगल्या की रस्ते बंद, वीज नाही, मोबाइल नाही. ज्या दिवशी संस्थापक मुंबईत अडकतात, त्या दिवशी व्यवस्थापकाला खर्चाचा आणि निर्णयाचा अधिकार आहे की नाही हे उघडं पडतं. पंधरा दिवसांची औषधं, डिझेल, डाळ-तांदूळ हे तर सगळेच सांगतात. मला दुसरंच सांगायचं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आपल्या संस्थांमध्ये काम करणाऱ्या बायका-पुरुष अशाच डोंगरउतारावरच्या वाड्यांमध्ये राहतात. मुसळधार रात्री त्यांचं मन संस्थेत नसतं, आणि नसणारच. कोण कुठल्या वाडीतलं, घरी लहान कोण, म्हातारं कोण, याची यादी व्यवस्थापकाच्या टेबलावर रुग्णांच्या यादीशेजारी असली पाहिजे.

इंग्लंडमध्ये व्यवस्थापकाच्या या जागेला कायद्यानं नाव दिलं आहे. तिथे देखभालगृहाला नोंदणीकृत व्यवस्थापक असावा लागतो, तो व्यक्तिशः उत्तरदायी असतो आणि केअर क्वालिटी कमिशन नावाची यंत्रणा तपासणी करते. प्रौढ देखभालीतल्या नेतृत्वाची स्वतंत्र पदविकाही आहे. म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा होणारा छळ बीबीसीनं छुप्या कॅमेऱ्यानं दाखवला. अकरा कर्मचारी दोषी ठरले. नोंदणी होती, तपासणी होती, तरी आतलं वातावरण कुजलं होतं. म्हणजे कागद हवाच, पण वॉर्डातून रोज फिरणारा आणि बोललेलं ऐकून घेणारा माणूसही हवा.

आपल्याकडे या दिशेनं नेमकं पाऊल टाकलं ते चेन्नईच्या 'द बनियन'नं. १९९३ साली वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोघींनी बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी ती संस्था सुरू केली. पुढे त्यांना कळलं की खाटा वाढवून भागणार नाही, चालवणारी माणसं घडवावी लागतील. त्यांनी मानसिक आरोग्यातल्या नेतृत्वासाठी वेगळी अकादमीच काढली. महाराष्ट्रात संस्था काढणारे खूप झाले, आणि त्यांचं मोठेपण मान्यच आहे. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि सुचेता धामणे यांची माऊली, वढू बुद्रुकला सिस्टर लूसी कुरियन यांचं माहेर ही नावं चटकन ओठांवर येतात. पण बघा, आपल्या ओठांवर येतात ती संस्थापकांचीच नावं. यांपैकी एकाही ठिकाणच्या व्यवस्थापकाचं नाव वाचकाला सांगता येईल का?

संस्थापकांना उद्देशून दोन शब्द, कारण हे पुस्तक विकत घेतील बहुधा तेच. तुमचा फोन रात्री अकराला येतो आणि "आज भाजीत मीठ जास्त होतं म्हणे" असं तुम्ही थेट स्वयंपाक्याला विचारता, तेव्हा मधल्या माणसाची वर्षभराची कमाई एका वाक्यात जाते. तुम्ही उभं केलेलं घर तुमच्यानंतर कोण चालवणार, हा प्रश्न ट्रस्टच्या सभेत 'इतर विषय' म्हणून शेवटी येतो, आणि तोवर चहा आलेला असतो. घरातल्या मुलानं वारसा घेतला तर छान. पण त्यालाही रात्रपाळीत बसवून शिकवावं लागतं. आडनावाबरोबर औषधांची वही वाचता येत नाही.

शेवटी पुस्तकाच्या वापराबद्दल. हे एकट्यानं खोलीत बसून वाचण्याचं पुस्तक नाही. दुपारी जेवणं झाल्यावर, रुग्ण पडलेले असताना, एकेक प्रसंग मावश्यांना आणि वॉर्डबॉयना वाचून दाखवावा आणि "तुम्ही काय केलं असतं" एवढंच विचारून गप्प बसावं. पहिली दोन-तीन सत्रं कुणी बोलणार नाही. चौथ्याला भांडण होईल, आणि भांडण झालं तर सत्र बंद करू नये. पहिलं प्रकरण नोंदवह्यांचं आहे, ते रुक्ष आहे. व्यवस्थापकांनी दुसऱ्यापासून सुरुवात केली तरी बिघडत नाही. ट्रस्टींनी मात्र सातवं प्रकरण आधी वाचावं. त्यात पगाराचं आणि साप्ताहिक सुट्टीचं कोष्टक आहे.